इकोचं बटण आणि माझा उजवा पाय

जर्मनीहून कराडला परतून दीड महिना झाला. भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? बर्फ होता का, राजवाडे पाहिले का? जूनमध्ये कुठला आलाय बर्फ. मी सांगतो, एक बटण पाहिलं. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारा चेष्टा करतोय. म्हणून हे एकदाच लिहून काढतोय. आता कोणी विचारलं की कागद हातात द्यायचा आणि आपण चहा घ्यायचा.

आधी माझ्या उजव्या पायाबद्दल सांगायला हवं. अडतीस वर्षं मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवली. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. समोर म्हैस आली आणि शिकाऊ माणूस डोळे मिटून बसला, की ब्रेक आपण मारायचा. अडतीस वर्षं असे ब्रेक मारले की पायाला खोड लागते. शाळा बंद केली, गाडी विकली, पण पाय काही निवृत्त झाला नाही. व्याह्यांच्या गाडीत बसलो तरी मोकळ्या जागेवर पाय दाबतो. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत मला कधी डुलकीसुद्धा लागली नव्हती, आणि याचा मला थोडा गर्वच होता.

आमच्या शाळेत एकच धडा मोठा. ॲक्सिलेटर आणि पाय यांच्यामध्ये भाजलेला पापड आहे असं समजायचं. पापड मोडता कामा नये. पापड शाबूत, तर पेट्रोल शाबूत. ज्याला हे जमलं त्याला मी म्हणायचो, 'पाय हलका आहे तुझा.' याच्या वरची शाबासकी आमच्याकडे नव्हती.

माझी मुलगी मेघना अठराची झाली तेव्हा तीही शिकायला बसली. सगळे एकवीस दिवसांत लायसन्सच्या परीक्षेला जायचे. तिला मी महिना झाला तरी सोडलं नाही. म्हणालो, 'पाय जड आहे अजून.' तिने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. पुढे इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि तिथल्या कुठल्याशा शाळेतून लायसन्स काढून आली. कराडात अर्ध्या तालुक्याला गाडी शिकवणाऱ्याची मुलगी दुसऱ्याकडे शिकली, हे मला लागलं. तिला काय लागलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

बॉबलिंगेन

तर २०१६ सालच्या जूनमध्ये मी आणि माझी बायको कुसुम असे दोघं मेघनाकडे गेलो. बॉबलिंगेन हे गाव मोटारींवरच जगतं म्हणायला हरकत नाही. बसथांब्यावर उभा असलेला माणूसही कुठल्या ना कुठल्या गाडीचा एखादा भाग बनवत असतो. मेघना तिथे आठ वर्षं आहे. जावईबापू आठवडाभर एर्लांगेनला कामाला असतात, आणि ही गोष्ट घडली त्या शनिवार-रविवारी तिथेच अडकले होते. नात इरा सहा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. 'जेवलीस का?' विचारलं की 'जा, शोन' म्हणते, म्हणजे 'हो, केव्हाच'. कुसुमला पहिले दोन दिवस वाटलं नात उलट बोलते.

मेघनाची गाडी पाहून मी खूश झालो. पेट्रोल, ऑटोमॅटिक, गियरच्या दांड्याशेजारी एक बटण. ते दाबलं की समोर नावं बदलतात: स्पोर्ट, कम्फर्ट, इको. पण पहिल्याच दिवशी पडद्यावर ॲव्हरेज बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सहा पूर्णांक काहीतरी. एवढी मोठी शिकलेली पोर, एवढी देखणी गाडी, आणि लिटरला सहा किलोमीटर? आमच्या कराडचा वाळूचा ट्रकसुद्धा बरा म्हणायचा. तिला वाईट वाटू नये म्हणून दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी राहवेना.

'मेघना, गाडी एकदा दाखवून घे गं. पेट्रोल कुठेतरी गळतंय.'

ती आधी घाबरली. मग मी आकड्यावर बोट ठेवलं तेव्हा हसून हसून खाली बसली. इथे म्हणे मोजतात उलटं. एका लिटरला किती किलोमीटर असं नाही, तर शंभर किलोमीटरला किती लिटर. म्हणजे आपल्याकडे आकडा मोठा तितका चांगला, इथे लहान तितका चांगला. कुसुमने ही गोष्ट त्याच संध्याकाळी फोनवरून तिच्या दोन्ही बहिणींना सांगितली.

त्याच रात्री जेवताना बटणाचा विषय निघाला. मेघना ज्या कंपनीत आहे ती गाड्यांना हीच बटणं जमवून देते, आणि या गाडीतला इको तिच्याच टीमने बसवला होता. पायाने किती दाबलं की इंजिनाने किती उत्तर द्यायचं, गियर कधी बदलायचा, एसीने किती ताकद खायची, हे सगळं ते ठरवतात. स्पोर्टमध्ये गाडी हाकेला ओ देते, गियर उशिरा बदलते, इंजिन जोरात फिरतं, पेट्रोल जास्त जातं. इकोमध्ये सगळं सबुरीने.

मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, 'म्हणजे ज्याला पापड जमत नाही त्याच्यासाठी बटण. पाय माझा असेल तर बटण कुठलंही असू दे, ॲव्हरेज तेच येणार.'

तिचा चेहरा उतरला. मला दिसलं ते, पण माझी जीभ सुटली की आवरत नाही. ती म्हणाली, 'ठीक आहे. शनिवारी तुम्ही चालवा, कम्फर्टमध्ये. रविवारी त्याच रस्त्याने मी चालवते, इकोमध्ये. पेट्रोल मोजू.'

'आणि मी जिंकलो तर?'

'तर बटण निरुपयोगी आहे असं कराडभर सांगा.'

'तू जिंकलीस तर?'

तिने माझ्या पायाकडे पाहिलं. 'तर माझ्या शेजारी बसून फरशीवर ब्रेक मारायचा नाही.'

आल्यापासून ती गाडी चालवायची आणि मी शेजारी बसून पाय दाबत होतो. मला वाटायचं कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या प्रत्येक वेळी लक्षात येत होतं.

पेट्रोल पंप

गाडीतला पडदा काय म्हणतो यावर माझा विश्वास नव्हता. आपल्याकडची मोजायची रीत एकच: टाकी फुल, फिरून या, परत फुल. शनिवारी सकाळी पंपावर गेलो. इथे पंपावर माणूसच नाही, नळी आपण धरायची. नळीने 'टक' करून पेट्रोल बंद केलं. पण फुल म्हणजे गळ्यापर्यंत फुल, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. टाकीत हवा राहते. मी मागून गाडी हलवायला लागलो आणि कुसुमलाही म्हटलं, 'तू त्या बाजूने जोर लाव.' बिचारीने पदर खोचला.

आम्ही नवरा-बायको गाडी गदागदा हलवतोय, इरा आत बसून खिदळतेय, आणि दुकानातून कॅशवरची दणकट बाई धावत बाहेर. तिने काय विचारलं ते कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. मेघना लाजेने लाल. तिने काहीतरी समजावलं. बाईने टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सावकाश दोनच वाक्यं बोलली.

'काय म्हणते?'

'पहिल्या टकला थांबायचं असतं. आणि गाडी म्हणजे आंब्याचं झाड नाही म्हणते.'

आता आंब्याचं झाड मेघनाने घातलं असणार, जर्मन बाई सफरचंद म्हणाली असेल. असो. ठरलं की तोच पंप, तीच नळी, पहिली टक. पुढे सगळं शिस्तीत झालं.

फ्रॉयडेनश्टाट, शनिवार

नागोल्डवरून फ्रॉयडेनश्टाटला जाऊन, पुढे दरीत उतरून, त्याच रस्त्याने परत यायचं. आंतरराष्ट्रीय परवाना मी कराडहून निघतानाच काढून आणला होता. पहिल्या वळणाला सिग्नल द्यायला हात नेला आणि वायपर सुरू झाला, कारण इथे दांड्या उलट्या बाजूला. दुसऱ्या वळणालाही वायपर. तिसऱ्या वळणाआधी मागून इराच म्हणाली, 'आजोबा, लिंक्स.' डावीकडची दांडी. घरची मास्तरकी पुढच्या पिढीत गेली म्हणायची.

मग मात्र पाय बसला. काय रस्ता, महाराज! खड्डा नाही, म्हैस नाही, समोरचा मध्येच थांबत नाही. दोन्ही बाजूंना देवदारासारखी उंच काळसर झाडं, मधूनच हिरवं कुरण. पुढचा चौक लाल दिसला की मी लांबूनच पाय उचलायचो, गाडी आपोआप मंदावत जायची आणि पोचेपर्यंत हिरवा व्हायचा. पापडाला चीर नाही. मेघना शेजारी बसली होती. मी दोनदा चोरून बघितलं. तिचे दोन्ही पाय आरामात पसरलेले. तिने एकदाही ब्रेक शोधला नाही.

फ्रॉयडेनश्टाटचा चौक एवढा मोठा की कराडचा भाजीबाजार दोनदा मावेल. तिथे चीज घातलेल्या जाड शेवया खाल्ल्या, वरून तळलेला कांदा. कुसुमने पिशवीतून लसणाची चटणी काढली आणि त्या शेवयांचं सोनं झालं. चेरीचा केक इराने एकटीने संपवला.

बाहेर आलो तर एक गाडी उभी, डोक्यावर पाटी: फारशूले. अर्थ लागला नाही तरी ड्रायव्हिंग स्कूल आहे हे मी ओळखलं, कारण शेजारच्या सीटपुढे पायाशी पेडलं होती. आमचीच जात. गाडीला टेकून साठीचे एक गृहस्थ सिगारेट ओढत होते. मी पेडलकडे बोट दाखवलं, मग माझ्या छातीकडे, मग अडतीस बोटं मोजून दाखवली. त्यांनी सिगारेट विझवली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मग मेघना मध्ये बसली भाषांतराला. त्यांच्याकडेही पेट्रोल वाचवून चालवणं शिकवणीतच असतं. पापडाचं ऐकून ते मान डोलवत 'गेनाऊ, गेनाऊ' म्हणत राहिले, म्हणजे 'अगदी बरोबर'. पापड काय असतो ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी माझ्या उजव्या पायाची खोड अभिनय करून दाखवली. ते पोट धरून हसले.

मेघना म्हणाली, 'ते म्हणतात, बायको गाडी चालवते तेव्हा तेही असाच ब्रेक मारतात. फक्त मुलगी चालवते तेव्हा नाही.'

'का?'

तिने त्यांना विचारलं. उत्तर ऐकल्यावर खाली बघत म्हणाली, 'म्हणतात, तिला मीच शिकवलंय. मग भीती कसली?'

मी घड्याळात बघितलं आणि म्हणालो, चला, उशीर होतोय.

तिथून दरीकडे उतार लागला. लांबलचक, वळणांचा. आता खरं सांगतो. चौकातलं ते वाक्य डोक्यात घोळत होतं आणि पैज जिंकायचीच होती. पूर्वी मोकळ्या, हलक्या उतारावर मी गाडी न्यूट्रल करायचो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत त्याने थेंब थेंब वाचायचा. इथे उतार हलका नव्हता, पण मोह झाला. मी हात खाली नेला आणि दांडा न्यूट्रलमध्ये सरकवला.

गाडी सुटली. मी ब्रेकवर होतो, ताबा होता, पण वळण आलं तेव्हा वेग हवा त्यापेक्षा जास्त होता आणि कुसुमच्या हातातली पिशवी पलीकडे जाऊन पडली.

'बाबा, ब्रेक. गियरमध्ये घ्या आणि दांड्यावरचा हात काढा.'

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. माझा ऐकला होता, तो असाच होता. मी निमूट ऐकलं. पुढे एक थांबायची जागा आली तिथे तिने गाडी घ्यायला लावली.

'ज्या गियरने घाट चढाल त्याच गियरने उतरा,' ती म्हणाली. 'कुठल्या शाळेत शिकवतात हे?'

माझ्या शाळेच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं ते.

मग ती शांत झाली आणि पेट्रोलचंही सांगितलं. आताच्या गाडीत गियर तसाच ठेवून पाय उचलला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल पूर्ण बंद होतं. न्यूट्रल केलं तर इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे मी जीव धोक्यात घालून पेट्रोल वाचवत नव्हतो, जाळत होतो. परत निघाल्यावर तिने पडद्यावर दाखवलं. उतारावर गियरमध्ये, पाय वर: शून्य. अडतीस वर्षांत कितीजणांना हलक्या उतारावर न्यूट्रल सांगितलं असेल, आणि त्यातली शेवटची बारा-पंधरा वर्षं तरी फुकटचं चुकीचं सांगितलं असेल, हा हिशोब पुढचे पंधरा किलोमीटर मनात चालला होता.

पंपावर पहिली टक झाली. किती गेलं ते मेघनाने तळहातावर लिहून ठेवलं.

तोच रस्ता, रविवार

रविवारी ती चालवायला बसली, मी शेजारी. इको लावला. सुरुवातीला मला गाडी मरगळलेली वाटली. ट्रॅक्टर ओलांडताना तिने पाय पूर्ण दाबला तेव्हा मात्र गाडी झटक्यात निघाली. ती म्हणाली, 'गरज लागली तर इको आडवा येत नाही. नुसता हावरटपणा करू देत नाही.' मागे इराला मात्र हे सगळं लांगवायलिग होतं, म्हणजे कंटाळवाणं. एकदा गाडी थांबलेली असताना तिने पुढे वाकून बटण दाबलं, स्पोर्ट आलं. निघालो तर गाडी गुरगुरायला लागली, पडद्यावरचा आकडा चढला, आणि इराने टाळ्या वाजवल्या. मेघनाने बटण परत फिरवलं.

नागोल्डच्या पुढे एक लांब, अगदी हलका उतार आहे. तिने पाय उचलला. इंजिनाचा काटा धपकन खाली आला आणि गाडी नुसती वाहत राहिली. मी ओळखलं.

'अगं, ही न्यूट्रल झाली.'

'स्वतःच झाली. याला इथे सेगेल्न म्हणतात, शिडाच्या होडीसारखं वाहत जायचं. उतार एवढा हलका असला की गियरमध्ये वेग मरतो, मग पुन्हा पेट्रोल द्यावं लागतं. म्हणून इथे सोडून द्यायचं. उतार तीव्र झाला की इको गियर धरून ठेवतो. कधी सोडायचं आणि कधी धरायचं, त्यावर मी तीन वर्षं काम केलंय.'

मग थोड्या वेळाने म्हणाली, 'आठवतंय का, सुट्टीत साताऱ्याहून येताना तुम्ही हलक्या उतारावर गाडी सोडायचात. मी मागे बसून मोजायचे, कुठल्या झाडापर्यंत जाते. ऑफिसात पहिल्यांदा हे काम आलं तेव्हा सगळे कागद काढून बसले होते. मला ती झाडं आठवली.'

जर्मनीतल्या गाडीच्या पोटात माझी कराडची खोड बसवलेली होती, आणि माझी चूक तेवढी माझ्या पोरीने वगळली होती. हे मला बोलून दाखवता आलं असतं. तेवढ्यात समोरून वळणावर ट्रक आला आणि माझा पाय फरशीवर दाबला गेला.

ती पुढे बघतच म्हणाली, 'बाबा, अनोळखी माणसांनी माझा इको बंद केला तर मला काही वाटत नाही. पण तुमचा पाय खाली गेला की मी पुन्हा अठरा वर्षांची होते.'

कुसुम मागून म्हणाली, 'ऐकताय ना, अहो?'

ऐकत होतो. पंपावर पहिली टक झाली. तिचं पेट्रोल माझ्यापेक्षा पाऊण लिटर कमी. वारा अनुकूल होता, केक कमी खाल्ला म्हणून गाडी हलकी होती, असं काहीबाही मी बोलून पाहिलं. मग कॅशवरच्या त्याच बाईसमोर उभा राहून म्हणालो, 'हरलो.' मेघनाने भाषांतर केलं. बाईने इराला एक चॉकलेट दिलं.

पेट्रोलची पैज फिटली. पायाचं कबूल केलेलं मात्र पाळता येईना. पुढचे दहा दिवस मी मनाशी ठरवून बसायचो आणि पहिल्या लाल दिव्याला पाय खाली जायचा. ती काही म्हणायची नाही. तेच जास्त लागायचं.

फ्रँकफर्टच्या वाटेवर

निघायच्या दिवशी सकाळी विमानतळाकडे निघालो. दोनशे किलोमीटरचा रस्ता. मेघनाने बटण इकोवर ठेवलं. 'हायवेवर एकाच वेगाने जाताना याचा फारसा फरक पडत नाही,' ती म्हणाली. आपल्याच मालाचं खरं तेवढंच सांगणारी पोर. मला फार बरं वाटलं. बूट नवीन होते, चावत होते, म्हणून मी काढून ठेवले. शेजारून गाड्या सणसणत जात होत्या. ती आपल्या लेनमध्ये, पुढच्या गाडीपासून अंतर राखून, ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसती पाय उचलून वेग जमवत होती. मी बघत राहिलो. कार्ल्सरूअची पाटी पाहिल्याचं आठवतं. पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. आजूबाजूला सामान उतरवणारी माणसं. मी सीटवर मांडी घालून बसलो होतो आणि मान खिडकीला टेकली होती. मेघना स्टेअरिंगवर हात ठेवून नुसती बसलेली.

'पोचलो?'

'वीस मिनिटं झाली.'

'मग उठवलं का नाही?'

मागून कुसुम म्हणाली, 'मी उठवणार होते. ही नको म्हणाली. झोपू दे म्हणाली, पहिल्यांदाच झोपलेत.'

मी खाली वाकून बूट शोधायला लागलो. बूट समोरच होते, पण नीट दिसत नव्हते.

'मेघना,' मी वाकूनच म्हणालो, 'पाय हलका आहे तुझा.'

तिने बूट उचलून माझ्या हातात दिले, नाक पुसलं, आणि डिकी उघडायला उतरली.